हरवले लंडनमध्ये, सापडले जोसमध्ये

ऑक्टोबर २०१३ मध्ये बीबीसीने जाहीर केले, की ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेचे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे नऊ भाग, जे कायमचे गेले असे सगळे धरून बसले होते, ते नायजेरियातील जोस या शहरातल्या एका टेलिव्हिजन केंद्राच्या अडगळीच्या खोलीत सापडले आहेत. वर्तमानपत्रांनी ही बातमी गुप्तधनाच्या गोष्टीसारखी रंगवली: आफ्रिका, धुळीने माखलेली फडताळे, पत्र्याचे जुने डबे आणि डब्यावरच्या चिकटपट्टीची धूळ पुसून त्यावरचे नाव वाचणारा एक चिकाटीचा इंग्रज. गोष्ट खरी होती आणि आनंदाचीही होती. मला खटकले ते तिचे क्रियापद. जोसमध्ये हे भाग हरवलेलेच नव्हते. कोणीतरी ज्या फडताळावर ठेवले, त्यावर ते पडून होते. ते हरवले होते लंडनमध्ये, आणि तेही चुकून नव्हे, तर रीतसर हुकमाने.

मला मांडायचे आहे ते असे. लोकांच्या पैशातून झालेल्या प्रसारणाची जपणूक एकट्या मालकाच्या हाती सोपवणे हे धोरण म्हणूनच चुकीचे आहे, मग तो मालक बीबीसीइतका नावाजलेला का असेना. या मालिकेच्या परदेशी प्रक्षेपणाचा इतिहास पाहिला, की मूळ मालकाने जे नष्ट केले त्यातले बरेचसे दूरच्या, लहान, तुटपुंज्या साधनांच्या केंद्रांनी वाचवले असे दिसते. आणि त्यांनी ते वाचवले ते करारातली अट पाळली नाही म्हणून. ज्या व्यवस्थेत कराराचे पालन केले की वारसा नष्ट होतो आणि ढिलाई केली की तो वाचतो, त्या व्यवस्थेतला करारच तपासून पाहायला हवा.

मालिकेचा पहिला भाग शनिवारी, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखवला गेला. कल्पना पुढे रेटणारे सिडनी न्यूमन कॅनडातून आलेले, निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट तिशीही न गाठलेल्या, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले, अवघे चोवीस वर्षांचे. त्या वेळच्या बीबीसीच्या चौकटीत हे तिघेही थोडे उपरेच होते, हे जाताजाता नोंदवून ठेवतो. निळ्या पोलीस चौकीच्या आकाराच्या यानातून काळात आणि अवकाशात भटकणाऱ्या एका विक्षिप्त म्हाताऱ्याची ही कथा आठवड्याला एक, सुमारे पंचवीस मिनिटांचा, अशा हिशेबाने १९६९ च्या मध्यापर्यंत २५३ भाग चालली. हे सगळे भाग कृष्णधवल होते. म्हाताऱ्याच्या भूमिकेत आधी विल्यम हार्टनेल आणि नंतर पॅट्रिक ट्रॉटन होते.

हे भाग बहुतांशी दोन इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर मुद्रित होत. टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरता येत होती, आणि टेपा सांभाळणाऱ्या अभियांत्रिकी विभागाच्या लेखी ती एक मोलाची, पुन्हा कामाला लावण्याजोगी सामग्री होती. तिच्यावर काय मुद्रित आहे हा प्रश्न त्या विभागाचा नव्हता. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादा भाग ठरावीक मुदतीत मोजक्याच वेळा पुन्हा दाखवता येई. मुदत उलटली, की टेप ठेवण्याचे कारणच उरत नसे. त्यात बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर नोव्हेंबर १९६९ पासून रंग आले आणि कृष्णधवल कार्यक्रम एका रात्रीत जुने वाटू लागले. पुसण्याचे काम १९६७ मध्ये सुरू झाले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत या मालिकेच्या साठच्या दशकातल्या मूळ टेपांपैकी एकही शिल्लक राहिली नाही.

एक गोष्ट मात्र टेप पुसण्याआधी केली जात असे. परदेशांतल्या केंद्रांकडे त्या टेपा चालवणारी यंत्रे बहुधा नसत, चित्राच्या रेषांचे मापही देशोदेशी वेगळे असे. सोळा मिलिमीटरची फिल्म दाखवण्याची सोय मात्र जवळजवळ सगळीकडे होती. म्हणून खास पडद्यावर टेप चालवून समोर फिल्मचा कॅमेरा लावत आणि भाग फिल्मवर उतरवून घेत. एका भागाला सुमारे ९०० फूट फिल्म लागे आणि ती एका चपट्या गोल डब्यात मावे. हे डबे ‘बीबीसी एंटरप्रायझेस’ या विक्री करणाऱ्या शाखेकडे असत. तीही हिशेबाने चालणारी शाखा होती. विक्रीच्या हक्कांची मुदत संपली, गिऱ्हाईक उरले नाही, की डबा जागा अडवतो. म्हणून १९७२ ते १९७८ या काळात तिने आपल्याकडच्या प्रती जाळण्या-फेकण्याचा सपाटा लावला. तिसरा विभाग होता फिल्म ग्रंथालयाचा. मूळ फिल्मवर चित्रित झालेले जपणे आपले काम, टेपवरून उतरवलेले नव्हे, अशी त्याची समजूत होती. एका इमारतीतल्या माणसांना वाटत होते की दुसऱ्या इमारतीत ते असेलच. हे उपद्व्याप कोणा दुष्टाचे नव्हते. तीन नेकीच्या कारकुनांनी आपापले काम चोख केले आणि त्या चोखपणातून एका देशाच्या स्मरणाला भोके पडली. १९७८ च्या सुमारास स्यू माल्डन यांच्याकडे बीबीसीने काय जपावे हे निवडण्याचे काम आले आणि त्यांनी नमुना म्हणून हीच मालिका तपासायला घेतली, तेव्हा कुठे या तिन्ही हिशेबवह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या.

ही गत एकट्या या मालिकेची झाली असेही नाही. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले फ्रेड हॉईल यांनी जॉन एलियट यांच्यासह १९६१ मध्ये बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची विज्ञानमालिका लिहिली होती. विश्वरचनेवर जगाशी भांडणारा एक मोठा खगोलशास्त्रज्ञ लोकांच्या घरात येऊन गोष्ट सांगतो आहे, असा तो योग होता. त्यातला एक भाग तेवढा पूर्ण उरला, बाकीचे काही तुकडे. हॉईल यांचे शोधनिबंध आजही कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळतात. त्यांनी सर्वसामान्यांसाठी रचलेली ही गोष्ट मात्र जशी दाखवली गेली तशी कोणालाच मिळत नाही. विद्वत्तेची कागदपत्रे जपायची आणि करमणुकीची रद्दीत घालायची, ही वर्गवारी कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती. ती डोक्यात होती.

आता त्या डब्यांच्या प्रवासाकडे वळू. ब्रिटनबाहेर ही मालिका सर्वांत आधी दाखवली न्यूझीलंडने, सप्टेंबर १९६४ मध्ये. पाठोपाठ जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा आले, त्याच वर्षी नायजेरिया आला. पुढे सिंगापूर, हाँगकाँग, सायप्रस, जिब्राल्टर, एडन, झांबिया, युगांडा, केनिया, सिएरा लिओन, जमैका, बार्बाडोस अशी यादी वाढत गेली. नकाशावर ही नावे जोडली तर मावळत्या साम्राज्याची रेघ उमटते. ध्वज उतरला होता किंवा उतरत होता, आणि नव्या केंद्रांना संध्याकाळचे तास भरायला स्वस्त, इंग्रजी, तयार कार्यक्रम हवे होते. इबादान इथले नायजेरियातले पहिले केंद्र ३१ ऑक्टोबर १९५९ रोजी सुरू झाले, म्हणजे दिल्लीतल्या आपल्या पहिल्या प्रक्षेपणानंतर दीडच महिन्याने. आपल्याकडे मात्र त्यानंतरची बारा-तेरा वर्षे टेलिव्हिजन दिल्लीपुरताच राहिला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला उघडले, तोवर ही कृष्णधवल रिळे लंडनमध्ये निकालात निघू लागली होती.

प्रत्येक देशासाठी नवी प्रत काढणे परवडणारे नव्हते. म्हणून एका केंद्राने भाग दाखवले, की डबे पुढच्या देशाला पाठवायचे, त्याने त्याच्या पुढच्याला. धंद्याच्या बोलीत याला ‘बायसिकलिंग’ म्हणत. साखळीतल्या शेवटच्या केंद्रापुढे तीन वाटा असत: डबे लंडनला परत धाडायचे, लंडन सांगेल तिकडे पाठवायचे, किंवा नष्ट करून तसे प्रमाणपत्र पाठवायचे. परतीचे भाडे कोणी भरायचे, जकातीचे कागद कोणी रंगवायचे, आणि जी मालिका आता कोणाला नको आहे तिच्यासाठी एवढा खटाटोप का करायचा, असा विचार एखाद्या केंद्रावरच्या माणसाने केला असेल तर तो मला अगदी ओळखीचा वाटतो. आपल्या कचेऱ्यांतही फायली जपण्याचा निर्णय क्वचितच कोणी घेतो. त्या हलवण्याचा कंटाळा केला जातो, आणि पन्नास वर्षांनी अभ्यासक त्या कंटाळ्याचे आभार मानतो.

या कंटाळ्याने काय काय वाचवले ते पाहा. १९८४ च्या सुमारास सायप्रसकडून फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या कथेचे भाग आले आणि नायजेरियाकडून हार्टनेल यांच्या काळातल्या दोन कथांचे. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका केंद्राकडून ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ ची कथा सगळ्या चारही भागांसह परत आली. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका हौशी संग्राहकाकडे तिसऱ्या धर्मयुद्धावरच्या कथेचा पहिला भाग निघाला. आणि २०१३ मध्ये जोसच्या त्या खोलीतून ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’चे न सापडलेले पाचही भाग आणि ‘द वेब ऑफ फिअर’चे चार भाग फिलिप मॉरिस यांनी मिळवले. त्या शोधानंतरही हरवलेल्यांच्या यादीत ९७ भाग उरले.

परत आलेल्या भागांनी समीक्षेचेही काय केले, ते सांगण्यासारखे आहे, कारण जपणूक म्हणजे नुसती भावनिक गोष्ट आहे असे मानणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही कथा हरवलेली होती तोवर तिच्याबद्दल दंतकथा होत्या. ज्यांनी ती लहानपणी पाहिली होती ते तिला मालिकेचा कळस म्हणत. प्रत्यक्ष पाहिल्यावर ती चांगलीच निघाली, पण तिच्यातल्या ढिल्या जागाही दिसल्या, आणि धिप्पाड, जवळजवळ मुका कृष्णवर्णीय नोकर रंगवण्याची त्या काळची सवयही डोळ्यांत खुपली. ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’चे उलट झाले. तिचा एकच भाग, तिसरा, उपलब्ध होता आणि तो नेमका सर्वांत संथ होता; त्यावरून सगळी कथा कंटाळवाणी ठरवली गेली होती. सहाही भाग सलग पाहिल्यावर ट्रॉटन यांनी एकाच कथेत नायक आणि हुकूमशहा अशा दोन भूमिका किती वेगळ्या देहबोलीने उभ्या केल्या होत्या हे उमगले, आणि कित्येकांनी आपली जुनी मते मागे घेतली. साडेचार दशके एका नटाच्या उत्तम कामाविषयी आपण चुकीचे बोलत होतो, कारण पुरावा जोसमध्ये होता आणि निकाल लंडनमध्ये लागत होता.

यातला सर्वांत विलक्षण अध्याय कात्रीचा आहे. ऑस्ट्रेलियात ही मालिका लहान मुलांच्या वेळेत दाखवायची असल्याने तिथले परीक्षण मंडळ भीतिदायक वाटेल तो तुकडा फिल्ममधून कापून टाकायला लावी. कापलेला तुकडा फेकून न देता जपून ठेवला जाई. सरकारी कारभारात कागदाला कागद जोडून ठेवतात तसा. पुढे भाग गेले, तुकडे राहिले. १९९६ मध्ये एका चिकित्सक चाहत्याला ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळाले. त्यात ‘फ्युरी फ्रॉम द डीप’मधले एक दृश्य आहे: घरातल्या शयनगृहात पांढऱ्या कपड्यांतले दोन कारागीर, एक बुटका आणि एक उंच, घरधनिणीकडे वळतात, काही न बोलता सावकाश तोंडे उघडतात, आणि त्या उघड्या तोंडांतून येणाऱ्या विषारी वायूने ती कोसळते. या सहा भागांच्या कथेचा एकही भाग शिल्लक नाही. उरले आहे ते साधारण तेवढेच, जे मुलांनी पाहू नये म्हणून कापले होते. न्यूझीलंडमधूनही २००२ मध्ये असेच तुकडे आले. मुलांना जपण्यासाठी नेमलेल्या परीक्षकाने न कळत अभिलेखपालाचे काम केले, आणि अभिलेख जपायला हवे होते त्यांनी कात्रीपेक्षा मोठे हत्यार चालवले.

त्याला जोडूनच आणखी एक. २०११ मध्ये इंग्लंडमधल्याच एका निवृत्त अभियंत्याकडे दोन भाग निघाले. ते त्याने १९८० च्या दशकात एका छोट्या आनंदमेळ्यासारख्या विक्रीत विकत घेतले होते. या प्रती ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या होत्या. त्यांतल्या ‘द अंडरवॉटर मिनेस’च्या भागातला एक तुकडा तिथे कापलेला होता, आणि तो कापलेला तुकडा पंधरा वर्षांपूर्वीच ऑस्ट्रेलियाच्या अभिलेखागारातून मिळालेला होता. पृथ्वीच्या दोन टोकांना राहिलेले एकाच फिल्मचे दोन भाग पुन्हा जोडले गेले. ही जोडणी एकाच मालकाच्या एकाच गोदामात कधीच घडली नसती, कारण तिथे दोन्ही भाग एकाच दिवशी एकाच भट्टीत गेले असते.

रंगांचीही अशीच कथा आहे. १९७० पासून मालिका रंगीत झाली, तरी ट्रॉटन यांच्यानंतर नायक झालेल्या जॉन पर्टवी यांच्या काळातल्या कित्येक भागांच्या रंगीत टेपा पुसल्या गेल्या आणि मागे कृष्णधवल फिल्म तेवढी राहिली. काही भागांचे रंग कॅनडातून परत आलेल्या टेपांनी दिले. ‘द डीमन्स’ या कथेसाठी अमेरिकेत कोणीतरी घरच्या यंत्रावर प्रक्षेपणावरून उतरवून घेतलेली रंगीत, पण धूसर टेप घेतली, आणि तिचे रंग लंडनच्या रेखीव कृष्णधवल फिल्मवर बसवले. पुढे तर असे लक्षात आले, की रंगीत टेप कृष्णधवल फिल्मवर उतरवताना रंगाचा संकेत गाळायचा राहून गेला असेल, तर त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी उमटलेली असते. चित्रावरचा हा दोष म्हणजेच मूळ रंगाची खूण. त्या ठिपक्यांवरून संगणकाने रंग परत काढता येतात. तंत्रज्ञाने आपले काम पूर्ण केले असते तर तेही गेले असते.

इथे माझ्याच मांडणीविरुद्ध जाणारा एक पुरावा ठेवला पाहिजे. ‘मार्को पोलो’ ही १९६४ ची सात भागांची कथा. तिचे सहा भाग वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केले होते. ती वीसहून अधिक देशांना विकली गेली, म्हणजे या मालिकेतल्या सर्वांत दूरवर पोचलेल्या कथांपैकी ती एक. तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही. लखनौचा एक तरुण चीनच्या वाटेवरचा व्हेनिसचा प्रवासी लंडनच्या अरुंद स्टुडिओत उभा करतो, ते जगभर दाखवले जाते, आणि त्यातले उरतात ती पडद्यावरून टिपलेली काही छायाचित्रे आणि आवाज. तेव्हा प्रती लांबवर पसरल्या की काम झाले, असे म्हणता येत नाही. वीस देशांत वीस आज्ञाधारक केंद्रे असली तर पसरण्याचा उपयोग शून्य. म्हणूनच मला ही गोष्ट नशिबावर किंवा कोणाच्या ढिलाईवर सोडणे पटत नाही. जोसमध्ये जे झाले ते योगायोगाने झाले. तेच नियमाने व्हायला हवे.

या मांडणीवर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला कलावंतांचा. पुनःप्रक्षेपणावर मर्यादा घालणारे करार नटांच्या पोटासाठी होते: जुनेच भाग पुन्हापुन्हा दाखवले तर नवे काम कोण देणार, आणि जुन्याचे पैसे कोण देणार, ही भीती खरी होती. मी ती भीती मोडीत काढत नाही. परंतु दाखवण्याचा हक्क आणि ठेवण्याचे कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या काळाने त्या एकत्र केल्या. ग्रंथालयात पुस्तक ठेवल्याने लेखकाचे मानधन बुडत नाही. दाखवायचे तेव्हा पैसे द्या. न दाखवता कुलपात ठेवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हा फरक आजही स्पष्ट नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने या मालिकेचे आठशेच्या आसपास भाग ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी खुले केले, त्यात नेमकी पहिली कथा नव्हती, कारण तिच्या लेखकाच्या वारसाशी हक्कांचा वाद मिटला नव्हता. ती दिसली नाही, पण ती नष्टही झालेली नाही, म्हणून उद्या वाद मिटल्यावर दिसू शकेल. नेमके हेच अंतर मला राखायचे आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. आफ्रिकेतल्या केंद्रांत ब्रिटिश मालिका शोधायला माणसे जातात, त्यासाठी पैसा उभा राहतो, बातम्या होतात; त्याच फडताळांवर, त्याच धुळीत, त्या केंद्रांचे स्वतःचे कार्यक्रमही असणार: नाटके, गाणी, मुलाखती, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाच्या बातम्या. आपल्या नावाचा डबा तेवढा उचलायचा आणि शेजारचा तसाच ठेवून निघून यायचे, हा शोध मला अपुरा वाटतो. ज्या केंद्राने लंडनचा वारसा लंडनपेक्षा चांगला सांभाळला, त्याचा स्वतःचा वारसा सांभाळायला लंडनने हात दिला पाहिजे, आणि हे दान म्हणून नव्हे. अर्धशतकाची राखणावळ म्हणून. परत आलेल्या भागांच्या विक्रीतला काही वाटा तरी त्या केंद्रांच्या संग्रहावर खर्च व्हावा, ही मागणी अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

नियम कसा असावा याचे नमुने आहेत. आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. अंमलबजावणीत ढिसाळपणा आहे, तरी कायद्यामागचे शहाणपण मोठे आहे: एका शहरात आग लागली, पूर आला किंवा एखादा अतिउत्साही अधिकारी आला, तरी पुस्तक दुसऱ्या तीन शहरांत असेल. प्रसारणासाठी असा कायदा आपल्याकडे नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने रेडिओ आणि टेलिव्हिजनचे कार्यक्रमही जमा करण्याच्या कक्षेत आणले. माझी सूचना एक पाऊल पुढची आहे. सार्वजनिक पैशातून झालेला कार्यक्रम परदेशी विकला जातो, तेव्हा विकत घेणाऱ्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहात त्याची एक प्रत कायमची ठेवण्याची अट करारातच असावी. ती दाखवण्याचा हक्क त्या देशाला मिळणार नाही, आणि ती नष्ट करण्याचा हक्क कोणालाच असणार नाही. जे जुन्या प्रती आजही लपवून बसले आहेत, त्या खासगी संग्राहकांना खटल्याची भीती न दाखवता पुढे येऊ द्यावे, हेही त्यातच आले.

हे आजच सांगायचे कारण, आता डबेच राहिलेले नाहीत. साठच्या दशकात कार्यक्रम विकला म्हणजे वस्तू विकली. ती वस्तू बोटीने जायची, गोदामात राहायची, विसरली जायची. आज विकली जाते ती मुदतबंद परवानगी. भाग एका कंपनीच्या संगणकांवर असतो, आपण तो लांबून पाहतो, आणि कंपनीने कळ दाबली की तो नायजेरियातून, न्यूझीलंडमधून आणि नाशिकमधून एकाच क्षणी नाहीसा होतो. मे २०२३ मध्ये डिस्ने प्लसने स्वतःच निर्माण केलेल्या कित्येक मालिका आपल्या मंचावरून काढून टाकल्या. त्यांतल्या काही तर दुसरीकडे कुठेच मिळत नव्हत्या. कारण पुन्हा तेच, हिशेबवहीतले. याच डिस्नेकडे त्या वर्षाअखेर ‘डॉक्टर हू’च्या नव्या भागांचे ब्रिटनबाहेरचे प्रक्षेपण आले, आणि काही हंगामांनंतर ती भागीदारी संपलीही. या खेपेस जोसच्या कोणत्याही फडताळावर काही राहिलेले नाही, कारण जोसला काही दिलेच नव्हते. अट मोडून काही जपण्याची सोयच नव्या व्यवस्थेने काढून घेतली आहे, आणि तिच्या जागी कायद्याने काहीही ठेवलेले नाही.

‘द डॅलेक्स मास्टर प्लॅन’ ही बारा भागांची दीर्घ कथा १९६५-६६ मध्ये प्रसारित झाली. ऑस्ट्रेलियाकडे ती पाहणीसाठी गेली, पण घेतली गेली नाही, आणि परदेशी कुठेच विकली गेली नाही. तिचा सातवा भाग २५ डिसेंबर १९६५ रोजी, नाताळच्या संध्याकाळी, मुख्य कथानक बाजूला ठेवून गंमत म्हणून केला होता. असा सणाचा भाग परदेशी कोण घेणार, म्हणून तो विक्रीसाठी फिल्मवर उतरवलाच गेला नाही. त्याचा डबा कधी निघाला नाही, कोणत्या बोटीत चढला नाही, कोणाच्या अडगळीत विसरला गेला नाही. टेप पुसली, आणि तो गेला. भागाच्या शेवटी हार्टनेल पेला उंचावून थेट कॅमेऱ्याकडे वळतात आणि घरोघरी बसलेल्या सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा देतात. ते वळणे आता कोणी पाहू शकत नाही. शुभेच्छा ऐकू येतात, कारण त्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या कुठल्याशा घरात कोणीतरी दूरचित्रवाणी संचाचा आवाज आपल्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेत होते.